सात पावसाळ्यांचा हिशोब

आमच्या गावाचं नावच दगडाचं आहे. गारगोटी म्हणजे पांढरा, टणक, दोन एकमेकांवर आपटले की ठिणगी उडवणारा खडा. बाहेरगावी नाव सांगितलं की समोरचा हमखास हसतो. हसू दे. लॅटिनमध्ये लहान खड्याला 'काल्क्युलस' म्हणतात. पूर्वी खडे मांडून हिशोब करत, म्हणून त्याच शब्दापासून आजचा कॅल्क्युलेटर आला. तेव्हा गारगोटीच्या माणसाला आकडेमोडीची खोड असली तर ती गावाच्या नावाला धरूनच आहे.

ही खोड परवा मेच्या शेवटी जुन्या गोव्यात उफाळून आली. सोबत मामा होते. मामा आयुष्यभर गवंडीकाम केलेले. आता थापी माळ्यावर ठेवलेली असली तरी भिंत दिसली की हात आपोआप पुढे जातो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बॉम जेझूच्या चर्चपुढे ही रांग! मामा रांगेकडे बघून म्हणाले, "तू जा बघून. मी त्या टेकावर बसतो सावलीला." सावली काही तिथे नव्हती. टेकावर उभा होता तो जांभ्याचा एक उघडा, अर्धवट, काळा पडलेला मनोरा. मग मीही रांग सोडली.

तो सेंट ऑगस्टीनच्या मठाचा मनोरा. टेकडीला पोर्तुगीज 'मोंती सांतो' म्हणत, पवित्र डोंगर. ऑगस्टिनियन साधूंनी इथलं चर्च 1602 मध्ये पुरं केलं. आत आठ चॅपेल, चार वेद्या आणि शेजारी साधूंच्या खोल्यांचा मोठा पसारा. मनोऱ्याची उंची 46 मीटर. हा आकडा फलकावर वाचून काहीच होत नाही. म्हणून असं करा: आपल्या गारगोटी आगारातली एक एस्टी घ्या आणि ती तोंड वर करून उभी करा. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. चौथीचा पुढचा दिवा जिथे येईल तिथवर चारशे वर्षांपूर्वी माणसांनी हाताने चिरे चढवले होते.

मामा खालून थर मोजायला लागले. बोट हवेत, ओठ हलतायत. पस्तीस-चाळीसच्या पुढे नजर घसरली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चुकल्यावर म्हणाले, "तुझ्या त्या मोबाईलवर कर की काय ते." मी केलं. आपल्याकडे बाजारात मिळणारा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 रुंद, 7 जाड. जुने चिरे याच मापाचे नसणार, पण अंदाजाला हेच माप धरू. 46 मीटर म्हणजे सात इंची चिऱ्याचे 258 थर. एक चिरा वाळलेला असताना तीस-एकतीस किलोचा. म्हणजे सगळ्यात तळाच्या एका चिऱ्याच्या डोक्यावर, नुसती सरळ रेघ धरली तरी, 257 भाऊ उभे. वजन आठ टन. आजरा-चंदगडच्या रानात टस्कर फिरतो, चार टनांचा धरा. असे दोन टस्कर एका चिऱ्यावर उभे!

मामांना टस्कर पटला. पण त्यांचा पुढचा प्रश्न गवंड्याचा होता. "मग चिरा फुटला कसा न्हाई?"

उत्तर काढलं आणि मीच चक्रावलो. बांधकामाच्या जांभ्यासाठी जे भारतीय मानक आहे त्यानुसार चांगल्या चिऱ्याने एका चौरस सेंटिमीटरवर किमान 35 किलोंचा दाब सोसला पाहिजे. इथे तळाला दाब येतो जेमतेम 10 किलोंचा. म्हणजे वारा, भूकंप, वाकणं हे सगळं बाजूला ठेवलं तर हाच मनोरा साडेतीन पट उंच, दीडशे मीटरच्या वर नेला असता तरी खालचा दगड कुरकुरला नसता. आम्ही पडक्या इमारतीपुढे उभं राहून सहज म्हणतो, काळाच्या ओझ्याखाली कोसळली. ओझ्याने इथे काहीही कोसळलेलं नाही. दगड आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आरामात होता.

मग पडलं कशाने?

त्याची सुरुवात इथे झालीच नाही, दोन समुद्र ओलांडून पोर्तुगालमध्ये झाली. मे 1834 मध्ये लिस्बनच्या सरकारने एका फर्मानाने देशातले साधूंचे मठ बंद केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. फर्मान काढणारे मंत्री जोआकिम आंतोनियो द आगियार. लोकांनी त्यांना 'माता-फ्रादिश' असं नाव ठेवलं. मराठीत सांगायचं तर साधूमार. ते फर्मान 1835 मध्ये गोव्यात लागू झालं आणि ऑगस्टिनियन साधू टेकडी सोडून गेले.

याच एका फर्मानाने जी दुसरी दारं बंद झाली त्यांत पोर्तुगालमधला आल्कोबासाचा मठ होता. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो नावाच्या पाणथळ रानात काही साधू येऊन राहिले. मठ श्रीमंत झालेत, आपण पुन्हा हाताने राबू, गावापासून दूर नदीकाठी राहू, भिंतीवर चित्रं नकोत, असा त्यांचा हट्ट. तेच सिस्टर्शियन. 1153 मध्ये त्यांचे पुढारी बर्नार्ड वारले तेव्हा पन्नास-पंचावन्न वर्षांत एका मठाचे साडेतीनशेच्या आसपास मठ झाले होते. सरासरी काढली तर दर दोन महिन्यांनी एक नवा मठ, तोही बैलगाडी आणि छिन्नी-हातोड्याच्या जमान्यात. पुढे आकडा सातशेच्या वर गेला. गरिबीचा हट्ट धरणाऱ्यांकडे मेंढ्या, लोकर, जमिनी असं सगळं आलं. आपल्याकडच्या मठ-संस्थानांचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

त्याच 1153 साली पोर्तुगालच्या पहिल्या राजाने या साधूंना आल्कोबासाची जमीन दिली. तिथलं चर्च शंभर मीटरहून लांब. स्वयंपाकघर असं की नदीचा पाट वळवून आतून काढलेला, आणि धुराडं कित्येक मजले उंच. या मठात 999 साधू होते अशी दंतकथा आहे. हजार नाहीत, एक कमी. आकडा खरा असेल असं मला वाटत नाही, पण 999 म्हणणाऱ्या माणसाचं मला कौतुक आहे. हजारपेक्षा तो जास्त खरा वाटतो हे त्याला कळलं होतं.

मठातली प्रार्थना दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा. कागदावर हिशोब मांडू. वर्षाच्या 2,922 प्रार्थना, गुणिले आल्कोबासाची 681 वर्षं. उत्तर 19 लाख 89 हजारांच्या पुढे, वीस लाखाला थोडं कमी. गोव्याच्या टेकडीवर 233 वर्षांत 6 लाख 80 हजार. यातल्या काही एकत्र केल्या असतील, काही साथीच्या दिवसांत बुडाल्या असतील, ते सोडून द्या. एका फर्मानाने ही मोजणी दोन्हीकडे थांबली.

आल्कोबासा मात्र आजही छपरासकट उभं आहे. लूट झाली, हाल झाले, पण उभं आहे. गोव्याचं चर्च साधू गेल्यावर किती टिकलं? सात वर्षं. 1842 मध्ये त्याचं कमानीचं छत खाली आलं आणि आतली भली मोठी मूर्ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली.

सात. या अख्ख्या टेकडीवर मला सगळ्यात मोठा वाटला तो हा आकडा.

मामांना सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, "शाकारणी कोण करणार मग?"

शहरातल्या वाचकासाठी सांगतो. शाकारणी म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घरावर चढून कौलं उतरवायची, फुटकी काढायची, खालचे रीप-वासे बघायचे, पाला-कचरा झाडायचा आणि कौलं पुन्हा नीट बसवायची. आमच्या भुदरगड तालुक्यात मे महिना म्हणजे आंबे, लग्नं आणि शाकारणी. एक वर्ष चुकली तर घर गळतं. दोन वर्षं चुकली तर वासा कुजतो. बंद पडलेल्या घरांचं आमच्या गावातलं वयोमान मामांनी बोटावर सांगितलं: तीन पावसाळे बरे, चौथ्याला वळचण बसते, पाचव्या-सहाव्याला आढं. गोव्याच्या चर्चचं छत कौलांचं नव्हतं, चुन्यातल्या कमानीचं होतं. त्यामुळे एखादा पावसाळा जास्त.

आता पाण्याचा आकडा घ्या. पणजीच्या आसपास वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस पडतो. तीन मीटर म्हटलं की नुसती उंची वाटते, पण एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की तो एक लिटर, म्हणजेच एक किलो. तेव्हा तीन मीटर म्हणजे दर चौरस मीटरवर तीन टन. आपल्या भाषेत, एका गुंठ्यावर वर्षाला तीन लाख लिटर, दहा हजार लिटरचे तीस टँकर. सात पावसाळ्यांत एकेका गुंठ्यावर 210 टँकर ओतले गेले. लिस्बनला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आपल्याकडे एका जुलैत पडून जातो. ज्या सरकारने फर्मान काढलं त्याला शाकारणी हा शब्द माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

हे पाणी साधूंच्या 233 वर्षांतही पडतच होतं, हे विसरून चालत नाही. 699 मीटर. पण ते वरच्यावर पन्हळीतून बाहेर जात होतं, कारण कोणीतरी पन्हळीतला पाला काढत होतं. तो माणूस कोण, त्याचं नाव काय, हे कुठल्याही फलकावर नाही. संस्थापकांची नावं असतात, पाला काढणाऱ्याचं कुठे असणार.

पाला साचला की पाणी थांबतं. थांबलं की चुन्यात उतरतं. कमानीची गोष्ट अशी की तिचा प्रत्येक दगड पडायच्याच बेतात असतो. शेजाऱ्याला ढकलतो म्हणून टिकतो, आणि ते ढकलणं दोन्ही बाजूंच्या भिंती सोसतात. मधला चुना धुऊन गेला की दगड सैल, भिंत इंचभर सरली की कमान बसते. त्यात जांभा हा पाणी पिणारा दगड. मानकानुसार त्याने वजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. 12 टक्के म्हणजे तरी एका चिऱ्यात पावणेचार लिटर. भिंतीतला प्रत्येक चिरा म्हणजे एक भरलेली कळशी नव्हे, पण तांब्या-दोन तांबे नक्की.

मामांनी एका भिंतीच्या कोपऱ्यात चिऱ्याच्या भोकात बोट घातलं. जांभा तसा सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखा. भोकातून त्यांनी केसासारखं बारीक मूळ ओढून काढलं. ओढत गेले, वीतभर निघालं, तुटलं. वर बघितलं तर दोन पुरुष उंचीवर पिंपळाचं रोप, चार पानांचं. "ह्यो बघ," मामा म्हणाले, "ह्याला टस्कर नको का वजनाला, नि काय नको. नुसतं कोणी उपटलं न्हाई, बास." मूळ त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

छत गेल्यावर पडझड संथ झाली. 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचे चिरे तिकडच्या बांधकामांना गेले. दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा मोठा भाग खाली आला तो थेट 1931 मध्ये, छतानंतर 89 वर्षांनी. 1938 मध्ये आणखी काही. जे उरलं त्याचा आज जागतिक वारशात समावेश आहे. जुन्या गोव्याची चर्च 1986 मध्ये त्या यादीत गेली. इंग्लंडात याहून वेगळं काय झालं? तिथे राजा आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या चार-पाच वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद केले. यॉर्कशरमधलं फाउंटन्स, 1132 मध्ये तेरा साधूंनी सुरू केलेलं सिस्टर्शियनांचं मोठं ठाणं, 1539 मध्ये बंद झालं. राजाच्या माणसांनी अनेक मठांच्या छपरावरचे शिशाचे पत्रे काढून वितळवून विकले. भिंती पाडायचा खर्चसुद्धा करावा लागला नाही. छप्पर काढा, उरलेलं काम पाऊस फुकटात करतो.

पण या टेकडीवरचा सगळ्यात अवाक करणारा हिशोब दगडाचा नाही, हाडाचा आहे.

जॉर्जिया देशातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासाने तिला कैद केलं, धर्म बदल म्हणून छळलं, आणि 1624 मध्ये शिराझला तिचा अंत झाला. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही 1627 मध्ये गोव्यात, याच मठात आणून ठेवल्या. पोर्तुगीज कागदांत जागा लिहिलेली होती: चॅप्टर चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. कागद होते, खिडकी नव्हती. खिडकी ज्या भिंतीत होती तीच ढिगाऱ्यात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी ढिगारा उपसून मठाचा नकाशा पुन्हा जमिनीवर उभा केला, आणि 2004 च्या सुमारास हाडाचा तुकडा हाती लागला.

पण चर्चच्या जमिनीत हाडांना काय तोटा? ज्या जमिनीवर आपण चालतो तिथे थडग्यांचे दगडच बसवलेले आहेत. हे हाड तिचंच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत त्यातून डीएनए काढला. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलाला येतो आणि तो 16,569 अक्षरांचा असतो. पावणेचारशे वर्षं गोव्याच्या दमट हवेत, त्यातली एकशे साठएक वर्षं ढिगाऱ्याखाली, आणि तरी त्यातली हवी ती अक्षरं वाचता आली. निघाली 'यू1बी' नावाची एक जात. भारतातल्या सुमारे 22,000 लोकांच्या नमुन्यांत ही जात शोधली. एकही सापडला नाही. मग जॉर्जियातल्या तीसेक लोकांचे नमुने तपासले, आणि तिथे ती सापडली.

बावीस हजारांत शून्य. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी गावांची मतदारयादी सलग वाचावी, एकही आडनाव जुळू नये, आणि परमुलखात एका एस्टीत बसावं तर त्याच आडनावाची माणसं भेटावीत. 2021 च्या जुलैमध्ये अस्थींचा एक भाग भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला नेऊन दिला. शिराझहून निघाल्यापासून राणीला घरी जायला जवळजवळ चारशे वर्षं लागली. छत पडलं नसतं, तर पेटी कोणीतरी केव्हाच हलवली असती, हरवली असती, असंही वाटून जातं. ढिगाऱ्याने सांभाळलं, हे मामांना मी सांगितलं नाही. त्यांच्या शाकारणीच्या सिद्धांताला ते बाधलं असतं.

एका चॅपेलच्या भिंतीवर अजून फरशा चिकटून आहेत. निळ्या, पिवळ्या, नक्षीच्या, कुठे अख्खी, कुठे कोपऱ्याएवढी. उघड्या पावसात. 1842 पासून आजवर या भिंतीवर साडेपाचशे मीटर पाऊस पडून गेला, म्हणजे अखंड मनोऱ्याच्या उंचीचे बारा मनोरे पाण्याचे. मामांनी नखाने एका फरशीची कड खरवडून पाहिली, मग घाईने हात मागे घेतला, कोणी बघितलं तर काय म्हणेल! "चुना घाणीतला हाय," म्हणाले. "बैलानं मळलेला. आता असा कोण मळतोय."

तिथे बसून मी आणखी एक बेरीज केली. चर्च वापरात होतं 233 वर्षं. 1835 मध्ये 233 मिळवले की येतं 2068. त्या वर्षापर्यंत ही जागा जेवढी वर्षं मठ होती तेवढीच वर्षं ओसाड झालेली असेल. त्यानंतर ती जास्त काळ पडकी आणि कमी काळ मठ. माझ्या मुलीला ते वर्ष बघायला मिळेल.

येताना पणजीत थांबलो, कारण मनोऱ्यातली घंटा तिथे आहे. साधू गेल्यावर ती काढून आग्वादच्या दीपगृहावर नेली, आणि 1871 पासून ती पणजीच्या त्या पांढऱ्या, झिगझॅग जिन्याच्या चर्चवर टांगलेली आहे. वजन 2,250 किलो. मोबाईल काढण्याआधीच मामा म्हणाले, "सत्तरएक चिरे." बरोबर बाहत्तर. अख्ख्या मठातली ही एकच वस्तू अशी की जिची दोरी ओढणारा माणूस बदलत गेला, पण ओढणं थांबलं नाही.

आंबोलीत शिरताना ढग उतरले होते. इथे वर्षाला सात मीटरच्या पुढे पाऊस, गोव्याच्या दुप्पट. पहिला शिरवा काचेवर आला आणि मामा एकदम सावरून बसले, खिशातून फोन काढला. घरी लावला. पलीकडे मामी. "अगं, ती परसाकडची बाजू बघितली का पोरानं? न्हाई? बरं, मी आलो की बघतो. पाटगावकडं आभाळ कसं हाय?" पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या मोहिमेवर जाण्यापूर्वी शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते असं सांगतात. पाऊस तिथेही आंबोलीच्या तोलाचा, आणि मठ उभा आहे. मामांनी त्या भागात काम केलं आहे, म्हणून त्यांना त्या बाजूच्या ढगांची चौकशी जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून ते स्वतः वर चढले, मामी खालून ओरडत असताना. मी खाली कौलं झेलायला. खोड जाईना, म्हणून मोजली. घरावर मंगलोरी कौलं 1,350. त्यातली 23 बदलली.